तलवारीवर भाळते की लांबीवर?

माशांच्या जोडीदार-निवडीच्या प्रयोगांत टाकीच्या काचेला संगणकाचा पडदा लावून त्यावर दाखवलेला नर मादीला खरा वाटतो का, असं कुणीही विचारेल. ते मादीच जाणे. पण ती त्याच्यासमोर किती वेळ घुटमळते हे घड्याळ लावून मोजता येतं, आणि प्रयोगाला तेवढं पुरतं.

स्वोर्डटेल या माशाचंच घ्या. नराच्या शेपटीची खालची कड तलवारीसारखी वाढते आणि माद्यांना असा नर आवडतो. पण भुरळ तलवारीची की नुसत्या लांबीची? जिवंत नरांत हे वेगळं काढणं कटकटीचं, कारण नर बदलला की त्याची लगबगही बदलते. १९९८ साली रोझेंथल आणि इव्हान्स या संशोधकांनी नराच्या व्हिडिओतली तलवार संगणकावर पुसून टाकली. माद्या तलवारवाल्याकडेच झुकल्या. मग बिनतलवारीच्या नराचं अंगच मोठं करून एकूण लांबी सारखी केली, तर ही पसंती उरलीच नाही! (मला उंच टाचांचे बूट आठवले.)

रंगाच्या प्रयोगांबाबत मात्र मी जरा सावध असतो. पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा आपल्या डोळ्यांच्या मापाने शिवलेत. गप्पी माशाच्या मादीला अतिनील प्रकाशही दिसतो, आणि साधा पडदा तो देतच नाही. म्हणजे आपल्याला हुबेहूब वाटणारा नर तिला भलत्याच रंगाचा दिसत असणार.

आणि हो, जर्मनीतल्या झीगन विद्यापीठात सेलफिन मॉली या माशाचा आभासी नर चक्क व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरने पोहवलाय. असली नोकरी मला चालेल.