जुन्या पीसीला फ्लॅशची कॅश लावायची की सरळ एसएसडी? सोलापूरकरांनो, बोला

चादरनक्षी (अशोक चौक)
आपल्याकडं चादर-टॉवेलच्या कुठल्याही छोट्या युनिटच्या ऑफिसात जा, टेबलावर दहा-बारा वर्षं जुना आय-थ्री, ४ जीबी रॅम, फिरणारी हार्डडिस्क, आणि मशीन चालू होईस्तोवर माणूस चहा पिऊन येतो. सल्ला मात्र सगळ्यांचा एकच, फेका आणि नवीन घ्या. मला ते पटत नाही आणि आज नीट बोलायचंय यावर. फ्लॅश म्हणजे पेनड्राइव्ह-एसएसडीतली चिपची मेमरी. ती डिस्कपुढं ठेवून सारखं लागणारं तिथनं पटकन द्यायचं ही कॅश, आणि सगळी डिस्कच त्या चिपची केली की एसएसडी.

हार्डडिस्क मुळात गरीब नाही, सलग वाचायला दिली तर सेकंदाला १०० एमबीच्या वर देते. पण छोट्या छोट्या गोष्टी इकडनं तिकडनं वाचायच्या म्हटलं की तिचं डोकं हलणार, मग प्लॅटर, म्हणजे आतली चकती, फिरून जागेवर येणार. ७२०० आरपीएमला एक फेरा ८.३ मिलिसेकंदाचा, म्हणजे सरासरी अर्धा फेरा ४.२, त्यात डोकं हलायचे ९ धरा, झाले १३. सेकंदाला पाऊणशे वाचनं म्हणजे डिस्क दमली. ४ केबीचे ७५ तुकडे किती होतात, जेमतेम ३०० केबी. म्हणून मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये विंडोज व्हिस्टात रेडीबूस्ट आणलं, म्हणजे पेनड्राइव्हच डिस्कची कॅश म्हणून वापरायचा, तेव्हा पेनड्राइव्हला अट काय घातली, ४ केबीच्या विखुरलेल्या वाचनाला सेकंदाला २.५ एमबी तरी द्यायला पाहिजे. आकडा बारीक दिसतो पण डिस्कच्या आठपट आहे तो. मोठं सलग वाचन डिस्ककडनं, बारीक विखुरलेलं फ्लॅशकडनं, ज्याला जे जमतं ते त्यानं करायचं. मला ही कल्पना आजही बरोबर वाटते. लोकांनी स्वस्तातले पेनड्राइव्ह लावले, फरक पडला नाही, आणि फ्लॅश कॅश म्हणजे फसवणूक असं नाव पडलं.

सातरस्ता_हार्डवेअर
मालक, गणित बरोबर आहे तुमचं पण साल कुठलं चाललंय बघा की ओ. व्हिस्टाच्या वेळेला मशीनमध्ये ५१२ एमबी रॅम असायची, रॅम भरली की सगळं डिस्कवर जायचं, तिथं पेनड्राइव्हचा उपयोग व्हायचा हे मी नाकारत नाही. रॅम वाढली तसा तो फायदा विरत गेला. आता २४०-२५६ जीबीची साटा (हार्डडिस्कचीच जोडणी) एसएसडी जुन्या बोर्डलाही लागते, तिचं एक वाचन ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास. तुमच्या १३ समोर. मग मध्ये कॅशचं कशाला लफडं, विंडोजच एसएसडीवर टाका ना.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. कॅशमध्ये तेच असतं जे आधी एकदा वाचून झालंय. पहिल्यांदा उघडलेली फाइल डिस्कच्याच स्पीडनं येणार. गिऱ्हाईक म्हणतं कधी फास्ट कधी स्लो, काय बिघडलंय, आणि मला दुकानात बसून समजवावं लागतं की बिघडलं काही नाही, कॅश अशीच चालते.

लेजर_ताई
मी एका टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात टॅली बघते. हार्डवेअरवाले दादा एसएसडी टाका म्हणतात पण आमची मशीनं भाड्याची आहेत, कॅबिनेटला सील आहे, उघडलं तर कॉन्ट्रॅक्ट मोडतं. आमच्यासारख्यांनी काय करायचं? पेनड्राइव्ह बाहेरनं लागतो, कुणाला विचारायला लागत नाही. मला रेडीबूस्ट एवढ्यासाठी बरं वाटतं. भीती एकच, कंपनीचा हिशोब त्या पेनड्राइव्हवर जात असेल आणि कुणी काढून नेला तर?

चादरनक्षी (अशोक चौक)
ताई, त्याची काळजी नको. रेडीबूस्ट जे काही लिहितं ते एईएस-१२८ नं एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक करून लिहितं, दुसऱ्या मशीनला लावून काही वाचता येत नाही. आणि मूळ प्रत कायम डिस्कवर असतेच, त्यामुळं चालू कामात कुणी उपटला तरी एक व्हाउचर सुद्धा जात नाही, मशीन परत डिस्कच्या स्पीडवर येतं एवढंच. रॅमच्या एकपट ते अडीचपट फ्लॅश ठेवा असं मायक्रोसॉफ्टचंच म्हणणं होतं, म्हणजे ४ जीबी रॅमला ८ जीबीचा ड्राइव्ह पुरे, ६४ जीबीचा लावून काही जास्त होत नाही.

सातरस्ता_हार्डवेअर
ताई, खोटी आशा देणार नाही. सुरक्षित आहे हे खरं. पण ४ जीबी रॅमवर तुम्हाला फरक जाणवेल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि बाजारात मिळणारे बरेच पेनड्राइव्ह मोठी फाइल कॉपी करायला बनवलेत, बारीक वाचन-लेखनात ते गुडघे टेकतात. वर कॅश म्हणून लावला की दिवसभर त्यावर लिहिणं चालू. भाडेवाल्याला मेल करा, एसएसडी त्याच्याकडनंच बसवून घ्या, भाडं थोडं वाढलं तरी परवडेल. दिवसातला अर्धा तास वाट बघण्यात जात असेल तर तो पगारातनंच जातो ना.

जुळे_सोलापूर_लिनक्स
दोघंही पेनड्राइव्हवरच अडकलात बे. खरी फ्लॅश कॅश त्याच्या पुढची आहे. इंटेलनं २०११ मध्ये झेड६८ चिपसेटच्या मदरबोर्डवर स्मार्ट रिस्पॉन्स आणलं, छोटी एसएसडी मोठ्या डिस्कपुढं उभी करायची, ६४ जीबीपर्यंत कॅश. सीगेटनं त्याच्या आधीच २०१० ला मोमेंटस एक्सटी काढली होती, डिस्कच्या पोटातच ४ जीबी फ्लॅश. लिनक्समध्ये डीएम-कॅश आणि बीकॅश या दोन्ही कॅश २०१३ ला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आल्या आणि आजही आहेत, फुकट आहेत, झेडएफएस या फाइल सिस्टिमवाले एल२आर्क वापरतात ते पण हेच. घरगुती पीसीत फॅशन गेली म्हणून तंत्र मेलं असं नाही होत. डेटा ८ टीबी आणि रोज लागतो त्यातला ५० जीबी, अशा सर्व्हरला सगळं एसएसडीवर घ्या म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशानं सल्ला देणं आहे.

सातरस्ता_हार्डवेअर
सर्व्हरचं सर्व्हरला. इथं विषय छोट्या ऑफिसच्या पीसीचा आहे. जुन्या मशीनांत निम्म्याहून जास्त एच६१ चिपसेटचे बोर्ड बघतो मी, त्याच्यावर स्मार्ट रिस्पॉन्स चालतच नाही आणि साटा पण ३ गिगाबिटचाच. तरी एसएसडी टाकली की माणूस खूश, कारण ३ गिगाबिट असो नाहीतर ६, विखुरलेल्या वाचनाला तो रस्ता पुरून उरतो. ऑप्टेनचं काय झालं ते पण आठवा. २०१७ ला इंटेलनं १६ आणि ३२ जीबीचे कॅशचे मॉड्यूल काढले, ती मेमरी तर फ्लॅशपेक्षाही चपळ होती, पण इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरचं मशीन चालत नव्हतं. म्हणजे ज्याला खरी गरज, त्या जुन्या मशीनला ते लागतच नव्हतं! २०२२ ला इंटेलनं ते सगळं गुंडाळायचं जाहीर केलं.

चादरनक्षी (अशोक चौक)
ऑप्टेनबद्दल तुमचं पूर्ण मान्य, ते चुकीच्या माणसाला विकलं. पण आता माझ्या कामाचं ऐका. मी जॅकार्डची, म्हणजे लूमवर विणायच्या नक्षीची डिझाइन करतो. २ टीबीच्या डिस्कवर, जिच्यापुढं एसएसडीची कॅश लावलीय, मागच्या सगळ्या वर्षांच्या नक्ष्या आहेत, बॉर्डर, बुट्टी, नावं टाकलेले टॉवेल, सगळं. सीझनला त्यातल्या थोड्याच परत परत उघडतात, पण कुठल्या ते गिऱ्हाईक समोर बसल्याशिवाय कळत नाही. तुम्ही म्हणाल चालू कामाच्या फायली हातानं एसएसडीवर घ्या. घेतल्या. आता एकाच नावाची फाइल दोन ठिकाणी झाली, डिझायनरनं एकीत रंग बदलला, दुसरी तशीच राहिली, आणि ऑपरेटरनं जुनीच लूमला पाठवली. कापड विणून झाल्यावर कळतं, तेव्हा सूत गेलेलं असतं आणि ऑर्डरची तारीख पण. कॅशमध्ये हे होत नाही. फाइल एकच, पत्ता एकच, कुठला तुकडा फ्लॅशवर ठेवायचा ते मशीन बघतं. तुम्ही सगळे स्पीडवर भांडताय, पण मला कॅश हवी आहे ती माणसाला दोन जागा सांभाळायला लागू नयेत म्हणून. हा मुद्दा मला स्पीडपेक्षा मोठा वाटतो.

लेजर_ताई
हे पटलं. आमच्याकडं पण टॅलीचा डेटा फोल्डर एकानं डेस्कटॉपवर कॉपी केला होता आणि महिनाभर दोघं दोन ठिकाणी एंट्र्या मारत होते, जीएसटी रिटर्नच्या वेळेला जुळेना.

सातरस्ता_हार्डवेअर
मुद्दा चांगला आहे, मानतो. पण मालक, तुमची कॅश राइट-थ्रू आहे का राइट-बॅक, ते आधी सांगा. राइट-थ्रूमध्ये नवीन लिहिलेलं लगेच डिस्कवर पण जातं, पण राइट-बॅकमध्ये ते आधी एसएसडीवर जातं आणि डिस्कवर नंतर, सवडीनं. विजापूर रोडच्या एका फोटोवाल्याचं असंच होतं, स्पीड जास्त मिळतो म्हणून कुणीतरी तो मोड चालू करून दिलेला. बोर्ड गेला, त्यानं नुसती मोठी डिस्क काढून माझ्याकडं आणली, एसएसडी जुन्या मशीनसोबत भंगारात. डिस्क चालू, पण आधीच्या लग्नाचे फोल्डर अर्धे, काही उघडतच नाहीत. डिस्कचा दोष शून्य, तिच्यावर ते पोचलंच नव्हतं. दोन वस्तू मिळून एक डेटा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी कॅश लावायला घाबरतो, स्पीडसाठी नाही.

जुळे_सोलापूर_लिनक्स
याला उत्तर आहे. स्मार्ट रिस्पॉन्समध्ये एनहान्स्ड आणि मॅक्सिमाइज्ड असे दोन मोड असतात, एनहान्स्ड म्हणजे राइट-थ्रू. बीकॅश तर मुळात राइट-थ्रूच असतो, राइट-बॅक आपण मुद्दाम चालू करायचा. राइट-थ्रूमध्ये एसएसडी जळून राख झाली तरी डिस्कवर सगळं असतं. लिहायचा वेग वाढत नाही, वाचायचा वाढतो, आणि नक्षीवाल्या मालकांना वाचायचाच पाहिजे.

लग्नसराई_स्टुडिओ
हार्डवेअरवाले साहेब, तुमच्या सरळ एसएसडीबद्दल पण बोलू द्या. आजच्या स्वस्त एसएसडीत काय असतं? एका सेलमध्ये तीन किंवा चार बिट कोंबलेले, तिथं लिहिणं सावकाश चालतं. म्हणून कंपनी थोड्या भागात सेलला एकच बिट लिहिते, पटकन घेते, आणि मागनं निवांत आत सरकवते. म्हणजे फ्लॅशपुढं फ्लॅशचीच कॅश! मी मोठ्या कार्यक्रमाचं फुटेज एकदम टाकतो तेव्हा सुरुवातीला सुसाट, मग तो भाग भरला की स्पीड असा पडतो की चार बिटवाल्या काही ड्राइव्हपेक्षा हार्डडिस्क बरी. ज्या कॅशला तुम्ही लफडं म्हणता तीच तुम्ही रोज विकताय साहेब.

सातरस्ता_हार्डवेअर
विकतोय की. पण ती एकाच डबीत आहे, अर्धी काढून कुणी माझ्याकडं आणू शकत नाही. माझा आक्षेप दोन वेगळ्या वस्तूंना आहे. आणि फुटेजवाल्यानं चार बिटवाली घ्यायचीच नाही, तीन बिटवाली चांगली घ्या.

अजून एक, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, या आय-थ्री मशीनांवर ११ अधिकृतपणे चालत नाही. कॅशवर खर्च करायच्या आधी त्यावर काय चालवणार ते ठरवा.

जुळे_सोलापूर_लिनक्स
लिनक्स चालवा, बीकॅश सोबत येतो 🙂 टॅलीवाल्या ताईंना जमणार नाही ते कळतंय मला.

लेजर_ताई
भाडेवाल्याला मेल केला आत्ताच. सील तो स्वतः काढून एसएसडी बसवणार असेल तर बसवू दे म्हटलं. नाही म्हणाला तर ८ जीबीचा चांगला ड्राइव्ह घेऊन रेडीबूस्ट लावणार, हार्डवेअरवाले दादा काहीही म्हणोत.

चादरनक्षी (अशोक चौक)
मी विंडोजला वेगळी एसएसडी घेतो, तेवढं हार्डवेअरवाल्यांचं ऐकतो. २ टीबीपुढची कॅश मात्र काढणार नाही. राइट-थ्रूच ठेवतो.

सातरस्ता_हार्डवेअर
ठेवा. पण कॅबिनेटच्या आत डिस्कवर आणि एसएसडीवर दोन्हीवर मार्करनं लिहा, जोडीनं काढायचं, मोड राइट-थ्रू, आणि तारीख टाका. तुम्ही गावाला असताना मशीन बंद पडलं तर उघडणारा माणूस दुसराच असणार आहे. आणि नक्ष्यांचा बॅकअप तिसऱ्या डिस्कवर घेता का नाही ते तुम्ही अजून सांगितलंच नाही मालक.

चादरनक्षी (अशोक चौक)
घेतो, दर शनिवारी, ती डिस्क घरी असते.