शब्दचर्चा : बफर ‘रिकामा’ की ‘मोकळा’? आणि रिक्वेस्टला ‘विनंती’ म्हणावं का?

धागाकर्ता, जुळे सोलापूर :

इथली अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची काही मुलं कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरवर प्रकल्प करत आहेत. त्यांच्यासाठी मराठीत एक टिपण लिहितोय. इंग्रजी कागदपत्रं ती वाचतात, पण कोडवर वाद घालायची वेळ आली की मराठीत येतात. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, म्हणून सगळ्यांची सामाईक भाषा मराठीच. ते बोलणं नेमकं व्हावं एवढ्यासाठी हा धागा.

विषय थोडक्यात सांगतो. लिबकॅमेरा हा लिनक्ससाठीचा मुक्तस्रोत कॅमेरा-संच २०१८ मध्ये जाहीर झाला. त्यात अँड्रॉइडशी जुळवून घेणारा एक वेगळा थर आहे. अँड्रॉइड त्या थराकडे एकेका फ्रेमसाठी रिक्वेस्ट पाठवतं. रिक्वेस्टमध्ये एक्स्पोजर, फोकस अशा सूचना असतात, आणि चित्र कशात भरायचं ते बफरही (मेमरीतल्या राखीव जागा) सोबत येतात. बहुतेकदा एकाहून जास्त: एक पडद्यावरच्या प्रिव्ह्यूचा, एक साठवायच्या जेपेगचा. कॅमेरा इथे थेट जेपेग देत नाही, तो वाययूव्ही फ्रेम (जेपेगसारखं न आवळलेलं चित्र) देतो. जेपेग करायचं काम हा थरच नंतर करतो. म्हणजे एकाच रिक्वेस्टमधले दोन बफर वेगवेगळ्या वेळी तयार होतात.

पूर्वी या हिशेबाचे तुकडे कोडमध्ये विखुरलेले होते. अँड्रॉइडने दिलेला बफर एका ठिकाणी, त्यावरून बनवलेला लिबकॅमेराचा बफर दुसऱ्या यादीत, चूक झाली का याची नोंद आणखी कुठे. २०२१ च्या सुमारास हे सगळं एका जागी आणलं गेलं. आता प्रत्येक रिक्वेस्टचं एक नोंदपत्रक असतं आणि त्यात प्रत्येक बफरची सगळी माहिती एकत्र असते. मुलांना हा बदल, म्हणजे हे रिफॅक्टरिंग, समजावायचा आहे. रिफॅक्टरिंग, रिक्वेस्ट, बफर, रिलीज, कम्प्लीट या पाच शब्दांपाशी अडलोय. ‘विनंती पूर्ण झाल्यावर बफर रिकामा होतो’ असं वाक्य लिहिलं तर त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द खटकतो.

निवृत्त मराठी शिक्षक, सोलापूर :

विनंती नको. विनंती मान्य किंवा अमान्य होते, ती करणारा हात जोडून उभा असतो. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही. कार्यालयात साहित्य हवं असेल तर आपण ‘मागणीपत्र’ देतो, त्यात काय हवं, किती हवं ते लिहिलेलं असतं. तो शब्द जवळचा आहे. पण मुलांच्या तोंडी ‘रिक्वेस्ट’ रुळला असेल तर तोच ठेवा, स्त्रीलिंगी वापरा : ती रिक्वेस्ट, तो बफर, ती फ्रेम. लिंग एकदा ठरलं की परका शब्द आपल्या वाक्यात नीट बसतो.

रिफॅक्टरिंगला वर्तमानपत्रं ‘पुनर्रचना’ म्हणतील. मला तो चालत नाही. पुनर्रचना म्हटलं की १९५६ ची राज्य पुनर्रचना आठवते, आणि सीमेवरच्या आपल्या जिल्ह्यात तर हमखास आठवते. त्यात बाहेरून दिसणारा नकाशाच बदलला. तुमच्या कामात बाहेरचं वागणं तेच राहतं आणि आतली मांडणी बदलते, बरोबर ना? मग ‘फेरमांडणी’ म्हणा. ‘दुरुस्ती’ही नको, कारण मोडलेलं काही नसतानासुद्धा फेरमांडणी करता येते.

कॅमेरा ड्रायव्हरवर काम करणारी, पुणे, माहेर सोलापूर :

सर, फेरमांडणी एकदम पटलं. आमच्या टीममध्ये आजपासून तोच.

‘पूर्ण झाली’ याबद्दल मात्र माझी हरकत आहे. लिबकॅमेरात प्रत्येक रिक्वेस्टचा शेवट एकाच इशाऱ्याने कळतो, त्याला ‘रिक्वेस्ट कम्प्लीटेड’ म्हणतात. पण कॅमेरा मध्येच थांबवला तर रांगेतल्या सगळ्या रिक्वेस्ट रद्द होतात आणि त्यांच्यासाठीही हाच इशारा येतो. स्थिती ‘रद्द’ आणि इशारा ‘पूर्ण’. ‘पूर्ण’ शब्द वाचणारा मुलगा स्थिती न तपासता फ्रेम वापरायला घेतो आणि त्याला अर्धवट किंवा जुनं चित्र मिळतं. मराठीत दोन्ही शेवट पोटात घेणारा शब्द हवा.

निवृत्त मराठी शिक्षक :

ताई, तो शब्द तहसील कचेरीत रोज वापरतात : ‘निकाली’. अर्ज मंजूर झाला तरी निकाली निघतो, फेटाळला तरी निकाली निघतो. रिक्वेस्ट निकाली निघाली. कशी निघाली ते पुढे पाहायचं.

धागाकर्ता :

सर, हा इंग्रजी शब्दापेक्षा सरस आहे. टिपणात पहिल्याच पानावर घेतो.

यंत्रमाग कारखानदार, पूर्व भाग :

सॉफ्टवेअरमधलं मला काही कळत नाही, पण हे वाचून आमच्या मागावरची कांडी, सूत गुंडाळलेली नळी, डोळ्यासमोर आली. इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात भरलेली कांडी घालायची, आडवं सूत संपलं की रिकामी कांडी काढायची, ती भरायला परत जाणार, तोवर दुसरी भरलेली तयार पाहिजे. कांड्या मोजक्याच असतात, त्याच फिरत राहतात. एखादी कुठे अडकून पडली की माग उभा राहतो. बफर असाच असेल तर मुलांना ‘कांडी’ म्हणून सांगा, चादरीच्या गावातल्या पोरांना लगेच कळेल.

धागाकर्ता :

काका, फिरत राहण्याचा भाग अगदी असाच आहे. कॅमेऱ्याकडेही मोजकेच बफर असतात, आणि एक अडकला की पुढची फ्रेम भरायला जागा नसते. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे ३३ मिलिसेकंद, त्यामुळे खोळंबा लगेच डोळ्यांना दिसतो. १९२० गुणिले १०८० ची एनव्ही१२ (वाययूव्हीचाच एक प्रकार) फ्रेम ३१,१०,४०० बाइटची असते. एवढा ऐवज सेकंदाला ३० वेळा इकडून तिकडे कॉपी करणं परवडत नाही, म्हणून बफर जागचा हलतच नाही. फक्त त्याची ओळख सांगणारा फाइल डिस्क्रिप्टर हातोहात फिरतो.

पण एक फरक आहे आणि माझा मूळ प्रश्न तिथेच होता. कांडी खरोखर रिकामी होते. बफर परत येतो तेव्हा त्यात जुनं चित्र तसंच असतं, ते कुणी पुसत नाही, पुढची फ्रेम त्यावरच लिहिली जाते. म्हणून ‘रिकामा’ हा शब्द इथे चुकीची माहिती देतो. ‘मोकळा’ बरोबर वाटतं का? आत काही असो वा नसो, तो आता कुणाच्या कामात गुंतलेला नाही.

निवृत्त मराठी शिक्षक :

बरोबर. ‘तू मोकळा आहेस का’ आणि ‘तू रिकामा आहेस का’ यांतला फरक आपल्याला लहानपणापासून कळतो. मोकळा म्हणजे न गुंतलेला. रिकामा म्हणजे आत काही नसलेला, आणि माणसाबद्दल असेल तर कामधंदा नसलेला.

कॅमेरा ड्रायव्हरवर काम करणारी, पुणे :

मोकळा मलाही हवा. पण त्याच्याइतकाच ‘ताबा’ हा शब्द टिपणात आला पाहिजे, आणि तो ‘मालकी’पासून वेगळा ठेवावा. जमिनीच्या कागदांत आपण हा फरक पाळतोच. अँड्रॉइडने पाठवलेल्या बफरची मालकी शेवटपर्यंत अँड्रॉइडची. रिक्वेस्ट आली की ताबा थराकडे येतो, थर तो लिबकॅमेराकडे देतो, तिथून ड्रायव्हरकडे (कॅमेऱ्याचं हार्डवेअर चालवणाऱ्या भागाकडे) जातो, आणि त्याच वाटेने परत. फेरमांडणीआधीचं कोड वाचताना त्रास व्हायचा तो यासाठी की अमुक ओळीवर ताबा कुणाकडे आहे ते एका जागी लिहिलेलंच नव्हतं. आता नोंदपत्रक पाहिलं की कळतं.

चूक झाली तरी बफर परत द्यावाच लागतो, ही अँड्रॉइडची अट आहे. चित्र बिघडलं असेल तर ‘त्रुटी’ अशी स्थिती लावून द्यायचा, पण द्यायचा. शिवाय एकाच स्ट्रीमचे (प्रिव्ह्यू, जेपेग अशा एकेका प्रवाहाचे) बफर ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत. इथे ‘सोडणे’ हे क्रियापद मला धोक्याचं वाटतं. ‘बफर सोडला’ म्हणजे परत दिला की टाकून दिला? ‘रिलीज’चं हे भाषांतर बऱ्याच ठिकाणी वाचलंय. मी सगळीकडे ‘परत देणे’ लिहीन.

फेन्सचं काय करताय? त्याला ‘कुंपण’ म्हणू नका. बफरसोबत फेन्स येते ती सांगते की आधीच्याचा वापर अजून संपलेला नाही, थांबा. कुंपण कायम आडवं असतं, ही तर काम झालं की उघडते. आणि हीसुद्धा फाइल डिस्क्रिप्टरच असते. ती बंद करायची राहिली तर तेवढे डिस्क्रिप्टर साठत जातात, एका चालू प्रोग्रामसाठी उघड्या डिस्क्रिप्टरची मर्यादा बऱ्याच लिनक्स यंत्रणांवर १०२४ असते, आणि मग कॅमेरा चालू असताना अचानक काहीच उघडेनासं होतं. फेरमांडणीत फेन्स अशा वस्तूत ठेवली गेली की नोंदपत्रक नाहीसं झालं की ती आपोआप बंद होते.

धागाकर्ता :

फेन्स ‘फेन्स’च ठेवतो, पहिल्या वेळी ‘थांबा-उघडा सांगणारी खूण’ एवढा खुलासा.

या चर्चेतून माझं मत बनत गेलं ते असं की नामांवर आपण उगाच शक्ती घालवतो. बफर, रिक्वेस्ट, फ्रेम, स्ट्रीम ही मुलांना माहीत आहेत, ती राहू द्यावीत. नेमकेपणा क्रियापदांत हवा : ताबा घेणे, परत देणे, मोकळा होणे, निकाली निघणे, रद्द होणे. कोडमधला सगळा घोळ याच क्रियांच्या क्रमात असतो, आणि तिथे मराठीकडे तयार, रोजच्या व्यवहारात घासून नेमके झालेले शब्द आहेत. टिपणातला परिच्छेद आता असा केलाय, सर आणि ताई, पाहाल का :

‘रिक्वेस्ट येताच तिचं नोंदपत्रक तयार होतं आणि तिच्यातल्या बफरांचा ताबा थराकडे येतो. फेन्स उघडेपर्यंत बफरात कुणी लिहीत नाही. मग बफर कॅमेऱ्याच्या रांगेत लागतो. प्रिव्ह्यूचा बफर भरला तरी रिक्वेस्ट निकाली निघत नाही, कारण जेपेगचं काम बाकी असतं. तेही उरकलं की रिक्वेस्ट निकाली निघते. यशस्वी असो वा रद्द, प्रत्येक बफर अँड्रॉइडला परत दिला जातो.’

कॅमेरा ड्रायव्हरवर काम करणारी, पुणे :

छान उतरलंय, दादा. एक भर : अँड्रॉइड प्रिव्ह्यूचा बफर जेपेगआधी परत घ्यायलाही तयार असतं, रिक्वेस्टचे सगळे बफर एकदमच द्यावेत असं बंधन नाही. ‘निकाली’ म्हणजे सगळे परत दिले, एवढं स्पष्ट करा.

निवृत्त मराठी शिक्षक :

शेवटच्या वाक्यातलं ‘परत दिला जातो’ काढा. कोण देतो ते त्यात लपतं, आणि ताई सांगतात त्यावरून तुमच्या कामात सगळा प्रश्न ‘कोण देतो’ हाच आहे.

धागाकर्ता :

दोन्ही घेतलं. ‘थर प्रत्येक बफर अँड्रॉइडला परत देतो, शेवटचा बफर परत दिला की रिक्वेस्ट निकाली निघते.’ काका, कांडीचं उदाहरण फिरण्याच्या भागापुरतं ठेवलंय, आणि ती रिकामी होते पण बफर होत नाही हेही तिथेच लिहिलंय. चालेल ना?

यंत्रमाग कारखानदार, पूर्व भाग :

चालेल की. पोरांना एकदा कारखान्यावर घेऊन या, चालू मागावर दाखवतो.