गॅस असिस्ट: हँडल उघडताच फुगतंय, प्रेशर वाढवू का?

रबाळे_मोल्डर
रबाळे एमआयडीसीत गॅस असिस्टने (साच्यातल्या वितळलेल्या प्लास्टिकच्या जाड भागात दाबाने नायट्रोजन सोडून आत पोकळी करायची पद्धत) पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं) हँडल चालवतोय. जाड भाग १४ मिमी, शेजारची भिंत ३ मिमी. सिंक मार्क (पृष्ठभागावरचे खळगे) नायट्रोजनने गेले. पण मोल्ड उघडताच काही पीस फुगतात, आणि पातळ भिंतीत गॅसचे बोटांसारखे फाटे दिसतात. शॉट (साचा प्लास्टिकने किती भरतो ते) ९७ टक्के, डिले (प्लास्टिक भरल्यावर गॅस सोडेपर्यंतची वाट) ०.३ सेकंद, गॅस पिनमधून (गॅस आत सोडणारी सुई) १८० बार. प्रेशर वाढवू का?

वागळे_टूलरूम
अजिबात नको. फुगतंय म्हणजे उघडताना आत दाब शिल्लक आहे. व्हेंटिंगला (मोल्ड उघडण्याआधी गॅस बाहेर सोडायला) ३-४ सेकंद जादा देऊन बघा. तरी काहीच पीस फुगत असतील तर पिन काढा. पिनच्या कडेच्या फटीत पीपी शिरून बसलं की लाइनवरचं गेज शून्य दाखवतं आणि पीसमधला गॅस कोंडलेलाच राहतो. फट ०.०२-०.०३ मिमी असू द्या. पीपी पातळ वाहतं, जास्त फट त्याला चालत नाही. आणि फुगलेला पीस हातात घेऊन बघत बसू नका, गरम असताना फुटतो.

महापे_प्रोसेस
फाट्यांचं मूळ तुमच्या ९७ टक्क्यांत आहे. जाड भागात गॅसला जागाच उरत नाही, मग तो अजून न गोठलेल्या पातळ भिंतीत घुसतो. ०.३ सेकंदात ३ मिमीची भिंत कुठली गोठणार!

गॅस बंद ठेवून शॉट ९० टक्क्यांवर आणा, शॉर्ट (अपुऱ्या भरलेल्या) पीसचं वजन लिहून ठेवा. मग डिले १ सेकंद, गॅस १०० बार. फाटे राहिले तर डिले ०.२ने वाढवा. पृष्ठभागावर आडवी रेघ उमटली तर डिले जास्त झाला. टोकाला गॅस भोक पाडून बाहेर आला तर शॉट कमी पडतोय, १-१ टक्का वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रेशर सगळ्यात शेवटी.

नोझल शट-ऑफ (प्लास्टिक भरल्यावर तोंड बंद होणारं) आहे ना? नसेल तर गॅस उलटा बॅरलमध्ये (मशीनच्या प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीत) जातो आणि पुढच्या शॉटमध्ये बुडबुडे येतात.

रबाळे_मोल्डर
शट-ऑफ आहे. सिलिंडर संपला की कॉम्प्रेसरची हवा वापरली तर?

वागळे_टूलरूम
नाही, कधीच नाही. साध्या कॉम्प्रेसरची ७-८ बार हवा इथे पुरणारच नाही, आणि बूस्टरने दाब वाढवलात तर त्यातला ऑक्सिजन आणि तेलाचा अंश वितळलेल्या पीपीला जाळतो, पेटण्याचाही धोका असतो. नायट्रोजनच वापरा, पण मशीनजवळ वारा खेळता ठेवा. गळतीला वास येत नाही, आणि बंद खोलीत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की माणसाला धोका. सगळ्या जॉइंटना साबणाचं पाणी लावून बघा.