पिल्लाचे केस गोल चट्ट्यांत जाताहेत, पण खाज नाही

ओलंनाक:
लॅब्राडोर, ७ महिने. उजव्या डोळ्याभोवती एक आणि पुढच्या पायावर दोन, अंगठ्याच्या नखाएवढे टकलाचे चट्टे. कातडी किंचित लाल, बारीक कोंडा. खाजवत नाही, खाणंपिणं व्यवस्थित. पिसवा दिसल्या नाहीत. घरात माणसांचं बेटामेथॅसोन-क्लोट्रिमॅझोलचं मलम आहे, ते लावू का?

खरवड:
नका लावू. बेटामेथॅसोन म्हणजे स्टेरॉइड. वय, जागा आणि खाज नसणं बघता पहिला संशय डेमोडेक्सवर. हे किडे केसांच्या मुळाशी राहतात; जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आईकडून येतात आणि बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर थोडेफार असतातच. प्रतिकारशक्ती त्यांना आटोक्यात ठेवते. स्टेरॉइडने तीच दबते आणि तीन चट्ट्यांचे तीस होतात. शिवाय कुत्रा मलम चाटणार, ते वेगळंच.

आधी डॉक्टरांकडे स्किन स्क्रॅपिंग, म्हणजे कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली किडे शोधणं. कातडी चिमटीत दाबायची, म्हणजे मुळातले किडे वर येतात. बोथट ब्लेडवर मिनरल ऑइलचा थेंब घेऊन केसांच्या दिशेने रक्त किंचित पाझरेपर्यंत खरवडायचं, तीन ते पाच जागी. नुसता वरचा कोंडा काढला तर रिपोर्ट हमखास 'निगेटिव्ह' येतो आणि गाडी भलत्याच रुळावर जाते. डोळ्याजवळ ब्लेड नको. तिथले केस मुळासकट उपटून मायक्रोस्कोपखाली बघतात.

चारपर्यंत लहान चट्टे असतील तर बऱ्याचदा ६ ते ८ आठवड्यांत आपोआप भरून येतात. दर आठवड्याला एकाच अंतरावरून फोटो काढा, नुसत्या नजरेचा भरवसा नको.

दोन_पंजे:
गजकर्णही डोक्यातून काढू नका, त्यालाही खाज नसू शकते. चट्ट्याच्या कडेचे केस तुटके, खुंटासारखे दिसतात का? वुड्स लॅम्पखाली (अतिनील प्रकाशाचा दिवा) गजकर्णाच्या बुरशांपैकी फक्त मायक्रोस्पोरम कॅनिस हिरवट चमकतं, तेही दर वेळी नाही. त्यामुळे चमकलं नाही म्हणजे सुटलो असं होत नाही. कल्चर करा, म्हणजे केसांच्या नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघतात; रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. तोपर्यंत अँटिफंगल शाम्पू नको, नाहीतर नमुना वाया जातो. हे माणसांना लागतं, म्हणून घरात कोणाच्या अंगावर गोल चट्टा उठलाय का तेही बघा.

खाज प्रचंड असती तर चित्रच वेगळं. कानाच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे उघडे पडले तर खरूज. कानाची कड बोटांनी चोळली की कुत्रा मागचा पाय झटकतो, हा चांगला इशारा. खरजेचे किडे स्क्रॅपिंगमध्ये पुष्कळदा सापडतच नाहीत, म्हणून संशयावरही औषध देतात. शेपटीच्या बुडाशी केस गेले तर पिसवांची ॲलर्जी.

ओलंनाक:
तपासणीत डेमोडेक्स निघाला आणि पसरलाच, तर आयव्हरमेक्टिन (किडे मारायचं औषध) द्यायचं का?

खरवड:
कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींत आणि त्यांच्या संकरांत एमडीआर१ जनुकाचा दोष असू शकतो. त्यांना डेमोडेक्ससाठी दिलेला आयव्हरमेक्टिनचा डोस मेंदूपर्यंत पोचून जिवावर बेततो. लॅब्राडोरला हा धोका कमी, पण आता अफोक्सोलानर, फ्लुरालानर यांसारख्या गोळ्या जास्त सोयीच्या. डोस ताज्या वजनावरून, आणि फ्लुरालानर जेवणासोबत. फिट्स येत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

सगळ्यात जास्त फसगत इथे होते: केस आले की लोक औषध बंद करतात. महिन्याच्या अंतराने दोन स्क्रॅपिंग निगेटिव्ह येईपर्यंत चालू ठेवा.

शेपटीवाला:
माझा प्रश्न याला लागूनच. ८ वर्षांचा कुत्रा, दोन्ही बरगड्यांवर सारखेच केस विरळ, शेपटी उंदरासारखी. खाज नाही, वजन वाढतंय.

दोन_पंजे:
दोन्ही बाजूंना सारखं आणि बिनखाजेचं म्हटलं की हार्मोन. थायरॉइड कमी आहे का बघायला रक्तातला एकटा टी४ (थायरॉइडचं हार्मोन) पुरत नाही: दुसरा आजार, स्टेरॉइड किंवा फिनोबार्बिटॉलनेही (फिट्सचं औषध) तो खाली जातो. फ्री टी४ (रक्तात मोकळा असलेला टी४) आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) सोबत करा. त्याआधी कुत्रा २४ तासांत किती पाणी पितो ते मोजा. किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं आणि पोटही सुटलेलं असेल तर कुशिंगची (अंगात कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार) तपासणी आधी.

थायरॉइड कमी निघाला तर लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) सुरू केल्यावर ४ ते ६ आठवड्यांनी, गोळीनंतर ४ ते ६ तासांनी रक्त घेतात. केस भरायला काही महिने लागतात. सुरुवातीला उलट जास्त गळतील, कारण नवा केस जुन्याला ढकलतो. तेवढ्यावरून गोळी बंद करू नका.