पानांच्या बेचक्यातले पाणी

ब्रोमेलियाडच्या, म्हणजे अननसाच्या कुळातल्या झाडाच्या, पानांच्या बेचक्यात साचणारे पाणी म्हणजे निव्वळ डासांचे आगर, असे एक मत आहे. ते कुंडीतल्या झाडापुरते मान्य आहे; अरण्यातल्या झाडाला मात्र ते लावता येणार नाही. जमैकातील चुनखडीच्या डोंगरांवर मेटोपॉलियास डिप्रेसस हा जेमतेम दोन सेंटिमीटरचा खेकडा आपली पिल्ले याच पाण्यात वाढवतो. मादी तिथला कुजणारा पालापाचोळा उपसून टाकते, त्यामुळे पाण्यातील प्राणवायू वाढतो. शिवाय गोगलगायींचे रिकामे शंख आणून त्यात टाकते, ज्यांतील चुन्यामुळे पाण्याची आम्लता घटते आणि पिल्लांच्या कवचाला लागणारे कॅल्शियमही मिळते. पिल्ले खाणाऱ्या टाचणी या चतुरासारख्या कीटकाच्या अळ्यांचा बंदोबस्तही तीच करते. खेकड्याकडून इतक्या निगुतीच्या संगोपनाची अपेक्षा सहसा कोणी करणार नाही.