कॉल रेकॉर्ड मागवायला नुसता सपीना पुरे, की न्यायाधीशांची सही हवी? (अमेरिकेतल्या कायद्याबद्दल)

मृण्मयी_क
अमेरिकेत एखाद्याने कोणाला, कधी आणि किती मिनिटं फोन केला याची यादी मिळवायला सरकारी वकिलाला न्यायाधीशापुढे उभं राहावं लागत नाही. 1986 च्या केंद्रीय कायद्यानुसार त्यासाठी सपीना, म्हणजे कागदपत्रं हजर करण्याचा हुकूम, पुरतो. तो ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या, नावाने निघाला तरी तयार करून पाठवतो सरकारी वकीलच. ज्याच्या नोंदी गेल्या त्याला कळवण्याचं बंधन सरकारवर नाही. मला हे साफ अमान्य आहे, न्यायाधीशांची सही हवीच.

याचं मूळ 1979 च्या स्मिथ विरुद्ध मेरीलँड या निकालात आहे. फोन लावताना तुम्ही नंबर आपणहून कंपनीला सांगता, मग तो खाजगी कसला, असं सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं. पण तेव्हाचं पेन रजिस्टर हे यंत्र फक्त फिरवलेले आकडे टिपायचं. पलीकडे कोणी फोन उचलला की नाही, हेही त्यातून कळत नसे, आणि न्यायालयाने याच मर्यादेचा आधार घेतला होता. आजच्या नोंदीत वेळ असते, कालावधी असतो, आलेले-केलेले सगळे कॉल असतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आठशेहून अधिक स्वयंसेवकांच्या अशा नोंदी तपासून 2016 मध्ये निष्कर्ष छापले. संभाषणातला एक शब्दही न ऐकता त्यांना एकाचा हृदयविकार ओळखता आला!

धनंजय_रा
स्मिथ खटला काढलात, तर त्यातली बाईही आठवा. 1976 मध्ये बाल्टिमोरमध्ये तिला लुटलं, आणि मग लुटणाराच फोन करून तिला धमकावू लागला. एकदा त्याने तिला घराच्या ओसरीवर यायला सांगितलं, तर लुटीच्या वेळी दिसलेली गाडी समोरून सावकाश जाताना तिला दिसली. पोलिसांच्या विनंतीवरून कंपनीने यंत्र बसवलं, त्याच्या घरून तिला फोन गेल्याची नोंद मिळाली आणि तिच्या जोरावर झडतीचं वॉरंट निघालं. आधी नोंद, मग वॉरंट. हा क्रम उलटा केलात तर पहिली पायरीच चढता येत नाही.

शिवाय एक कागद पाठवला की नाव हातात आलं, इतकं कॉल ट्रेस करणं सोपं नाही. स्क्रीनवरचा नंबर बनावट असू शकतो. मग ज्याला फोन आला त्याच्या कंपनीपासून सुरुवात करायची: हा कॉल तुमच्याकडे कोणी दिला? ती दुसरीचं नाव सांगते, दुसरी तिसरीचं. प्रत्येकीला ठाऊक असतो फक्त तिच्या आधीचा दुवा. 2019 च्या कायद्याने कॉलसोबत डिजिटल सही पाठवणं आणलं, पण वाटेत जुन्या पद्धतीचं नेटवर्क लागलं की ती सही गळून पडते आणि पुन्हा एकेका कंपनीचं दार ठोठवावं लागतं. प्रत्येक दारात वॉरंटला लागतो तसा गुन्ह्याचा सबळ आधार दाखवा म्हणालात, तर धमक्या देणारा मोकळाच राहील.

नीलाक्षी
धनंजय, त्या खटल्यात पोलिसांकडे गाडीची नंबरप्लेट होती, तिच्यावरून नाव-पत्ताही निघाला होता. एवढ्यावर न्यायाधीशांकडे जाता आलं असतं. पोलिसांनी वॉरंट मागितलंच नाही.

आणि बिनसहीच्या अधिकाराचं पुढे काय होतं तेही बघा. 2013 मध्ये उघडकीला आलं की एका बातमीचा स्रोत शोधायला न्याय विभागाने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या 20 हून अधिक फोनलाइन्सच्या, 2012 मधल्या दोन महिन्यांच्या नोंदी गुपचूप मिळवल्या होत्या. त्या कार्यालयांत शंभराहून जास्त पत्रकार काम करत. त्या लाइन्सवरून ज्यांना फोन गेले त्यांचे नंबर सरकारच्या हाती गेले. पुढे नियम कडक झाले, 2021 मध्ये तर पत्रकारांच्या नोंदी घेण्यावर जवळपास बंदी आली. 2025 मध्ये विभागाच्या तेव्हाच्या नव्या प्रमुखांनी, म्हणजे ॲटर्नी जनरलनी, ते संरक्षण काढून घेतलं. विभागाने स्वतःवर घातलेला लगाम विभागच सोडतो, म्हणून तो कायद्यात हवा.

सुहास_प
टॉवरच्या नोंदी, म्हणजे फोन कधी कुठल्या टॉवरजवळ होता याची माहिती, यात मिसळू नका. कार्पेंटर खटल्यात 127 दिवसांतली 12,898 ठिकाणं सरकारने वॉरंटशिवाय मिळवली होती. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ते अमान्य केलं. वाद उरलाय तो साध्या कॉल-यादीचा.

वसुधा
मी अमेरिकेत बचाव पक्षाचं काम करते, आणि वॉरंटच्या मागणीने मला धास्ती वाटते. वॉरंट फक्त सरकारला मिळतं. आरोपीच्या वकिलाकडे सपीनाखेरीज दुसरं हत्यारच नाही. ज्या वेळी गुन्हा घडला त्या वेळी माझा अशील फोनवर बोलत होता, हे मी आणखी कशाने दाखवू? नोंद फोनची असते, माणसाची नव्हे, हेही ज्युरीला समजावून सांगावं लागतं. काही कंपन्या वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देतात, आणि ती स्थानिक वेळ समजून वाचली की घटनाक्रम काही तासांनी सरकतो. अशा चुका पकडायला मूळ नोंदी माझ्याही हातात हव्यात.

मृण्मयी_क
वसुधाताई, तुमचा मुद्दा मनापासून पटतो. माझी अट फक्त सरकारसाठी आहे, बचाव पक्षाचा सपीना तसाच राहावा. वॉरंटच हवं असाही हट्ट नाही. न्यू जर्सीने 1982 मध्येच राज्याच्या घटनेखाली कॉल-यादीला संरक्षण दिलं. 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग कायम ठेवला: सपीना अपुरा, वॉरंटही नको, पण ठोस तथ्यं मांडून न्यायाधीशांचा आदेश घ्या. आणि धनंजय, जिवाला धोका असेल तर कंपनी आजही आपणहून नोंदी देऊ शकते. पेन रजिस्टरचा एकच आदेश साखळीतल्या प्रत्येक कंपनीला लागू होतो, हीदेखील सोय 2001 पासून आहे.

धनंजय_रा
ती सोय पुढे येणाऱ्या कॉलसाठी आहे, होऊन गेलेल्या कॉलच्या नोंदींसाठी नाही. तिथे आजही दर कंपनीला वेगळा कागद जातो. झालेल्या कॉलसाठीही एकच आदेश साखळीभर चालेल असं कलम घाला, न्यायाधीशांच्या सहीला मी विरोध करणार नाही. पण सही किती तासांत मिळायला हवी, तेही त्याच कलमात लिहा.