ट्रॅकारच्या पोटात केलेले बदल आता गळ्याशी आलेत. मूळ कोडकडे परतायचं कसं?

चाकण_लीड:
नमस्कार मंडळी. चाकणच्या एका छोट्या कंपनीत मी गाड्यांच्या ट्रॅकिंगची टीम सांभाळते. चार डेव्हलपर, एक टेस्टर, गाडीत डिव्हाइस बसवणारे दोन फिटर. एकोणीसशेच्या आसपास गाड्या, त्यात दुधाचे टँकर जास्त.

मी येण्याआधी कोणीतरी ट्रॅकार या ओपन सोर्स जीपीएस ट्रॅकिंग सर्व्हरचा कोड घेऊन थेट त्यातच हात घातला. जीटी०६ प्रोटोकॉलच्या डिकोडरमध्ये (डिव्हाइसचे संदेश उलगडणाऱ्या भागात) डिझेल सेन्सरचं गणित, ओव्हरस्पीडमध्ये आमचे नियम, डिव्हाइसच्या टेबलात अकरा जादा कॉलम. त्यातला मुदत संपण्याच्या वेळेचा कॉलम पुढे मूळ प्रकल्पातही त्याच नावाने आला, त्यामुळे नवी आवृत्ती चढवायला गेलं की डेटाबेसची टेबलं बदलणारं लिक्विबेस तिथेच अडकतं. ज्याने हे लिहिलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला.

तरीही मी ढकलत होते. गेल्या महिन्यात खंबाटकी घाटात एका टँकरचं नेटवर्क गेलं. डिव्हाइसने पॉइंट साठवून ठेवले आणि रेंज आल्यावर एका दमात पाठवले. आमच्या कोडमध्ये वेग काढलाय तो दोन पॉइंटमधलं अंतर आणि ते सर्व्हरवर कधी पोचले त्यावरून. फिक्सटाइम, म्हणजे डिव्हाइसने पॉइंट घेतल्याची खरी वेळ, शेजारच्याच कॉलममध्ये होता, तो कोणी वापरलाच नाही. ताशी ९४ चा अलर्ट गेला आणि मालकाने ड्रायव्हरचे पाचशे रुपये कापले. त्या ड्रायव्हरने आमच्या फिटरला फोन केला, "दादा, भरलेला टँकर घाट चढताना नव्वदने पळंल का हो?"

पैसे मी त्याला परत मिळवून दिले. पण असे किती अलर्ट याआधी गेले असतील, या विचाराने मला झोप लागत नाही.

आमचे साहेब म्हणतात, नवीन फीचर थांबवता येणार नाहीत. शिवाय टीममधल्या सगळ्यात लहान मुलीला डिझेल सेन्सरचा बदल मूळ प्रकल्पाला पाठवायचाय, तर साहेब म्हणतात, "आपली मेहनत दुसऱ्यांच्या घशात का घालायची?" तुमच्यापैकी कोणी अशा फोर्कमधून (मूळ कोडपासून फुटलेल्या स्वतःच्या प्रतीतून) बाहेर पडलंय का?

नाशिककर_जीपीएस:
ताई, आम्ही पडलोय, सात महिने लागले. त्यातले पहिले तीन फुकट गेले, कारण आम्ही जुना कोड नव्यात ओळ-ओळ मिसळत बसलो. तसं करू नका. नवी आवृत्ती कोरी घ्या आणि जुन्यातला प्रत्येक बदल "हा अजून लागतो का?" असं विचारून बाहेर काढा. आमचे निम्म्याहून जास्त बदल एक तर मूळ कोडमध्ये आधीच आले होते, नाहीतर ते ज्या ग्राहकासाठी केले तो ग्राहकच उरला नव्हता.

धंद्याचे नियम सर्व्हरमध्ये ठेवूच नका. ट्रॅकार प्रत्येक पोझिशन जेसन स्वरूपात किंवा काफ्का या संदेशांच्या रांगेवर पुढे पाठवू शकतो. तुमचा ओव्हरस्पीड, थांबा, डिझेलचोरी हे सगळं तिथून उचलणाऱ्या तुमच्या स्वतःच्या सर्व्हिसमध्ये लिहा. जादा कॉलमचा मजकूर ट्रॅकारच्या ॲट्रिब्यूट्स या मोकळ्या रकान्यात बसतो, टेबलाला हात लावायची गरज नाही.

आता टेस्टिंग. सर्व्हरच्या लॉगमध्ये डिव्हाइसकडून आलेला प्रत्येक संदेश हेक्समध्ये (कच्च्या बाइटच्या रूपात) लिहिलेला असतो. एका दिवसाचा लॉग घ्या, त्याच क्रमाने नव्या सर्व्हरच्या ५०२३ या जीटी०६ च्या पोर्टवर सोडा, आणि दोन्हीकडचे किलोमीटर ताडून बघा.

एक खड्डा मात्र आधीच सांगतो, आम्ही त्यात पडलोय. डिव्हाइसमध्ये डोमेन टाकलंय की थेट आयपी, ते तपासा. आयपी असेल तर सर्व्हर बदलल्या दिवशी ती गाडी मुकी होईल. आणि एसएमएसने बदलू म्हणाल, तर एम२एम (यंत्रांसाठीच्या) सिमवर ठरलेल्या नंबरांखेरीज एसएमएस जात नाही. जुना सर्व्हर चालू असतानाच, त्याच कनेक्शनवरून कमांड पाठवून पत्ता बदला.

बावधन_बॅकएंड:
साहेबांना कायद्याची भीती घालू नका. ट्रॅकारचा परवाना अपाची २.० आहे, बदल उघड करायची सक्ती नाही. त्यांना खर्च दाखवा. डिझेलचा बदल घरात ठेवला तर दर आवृत्तीला तो तुम्हीच नव्याने बसवणार. मूळ प्रकल्पात गेला, सोबत हेक्सची एक टेस्ट गेली, की उद्या दुसऱ्या कोणी तो डिकोडर बदलला तरी तुमचा सेन्सर मोडल्याचं त्यालाच आधी कळेल. तुमची खरी मेहनत डेअरीवाल्यांचे हिशेब समजून घेण्यात आहे, आणि ती कुठे जात नाही.

त्या मुलीला पाठवू द्या. फक्त लॉगिनच्या पॅकेटमध्ये आयएमईआय (डिव्हाइसचा ओळख क्रमांक) असतो आणि लोकेशनच्या पॅकेटमध्ये ग्राहकाच्या गोठ्यापर्यंतचा पत्ता. टेस्टसाठी ऑफिसमधल्या सुट्या डिव्हाइसचंच हेक्स वापरा.

चाकण_लीड:
दोघांचे मनापासून आभार. साहेबांना तो टँकरचा अलर्ट लॉगसकट दाखवला. ड्रायव्हरचं वाक्य ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. दोन जण पूर्ण वेळ या कामाला मिळालेत आणि डिझेलचा बदल मूळ प्रकल्पाला पाठवायलाही हो म्हणालेत. त्या रात्रीचा घाटातला लॉग हीच आमची पहिली टेस्ट.

नाशिककर, तुम्ही म्हणालात म्हणून डिव्हाइस तपासले. ३१२ गाड्यांत थेट आयपी निघाला. २७० कमांडने बदलल्या. उरलेल्या कमांडला उत्तरच देत नाहीत, म्हणून दोन्ही फिटर उद्या पहाटे चारपासून डेअरीच्या गेटवर थांबणार आहेत. मीही जातेय.